भिंगाखालचा सूर्य

ऑक्टोबरचं ऊन, शाळेला सुट्टी आणि हातात भिंग. एवढं जुळून आलं की गल्लीत कुठेतरी कागदाला भोक पडणारच. आधी वर्तमानपत्राच्या मथळ्याची काळी अक्षरं धुमसतात, मग वाळकं पान, मग टिकल्यांच्या डबीतली एखादी टिकली. घरातली मोठी माणसं याला उपद्व्याप म्हणतात आणि भिंग काढून घेतात. माझ्या मते मुलानं स्वतःहून केलेला हा पहिला खरा प्रयोग असतो. त्याला कोणी तो शिकवलेला नसतो, आणि भिंग बोटभर वर-खाली केलं की निसर्ग तिथल्या तिथे उत्तर देतो.

पाच सेंटिमीटर व्यासाचं साधं भिंग घेऊ. भर दुपारी त्यावर पडणाऱ्या उन्हाची शक्ती जेमतेम दोन वॅट असते. झिरोचा बल्बसुद्धा याहून जास्त वीज घेतो. पण भिंगाचं नाभीय अंतर दहा सेंटिमीटर असेल, तर हे सगळं ऊन एक मिलिमीटरहूनही लहान ठिपक्यात गोळा होतं. तिथला प्रकाश बाहेरच्या उन्हाच्या अडीच हजार पटींहून प्रखर असतो. काळी शाई तो शोषून घेते म्हणून मथळा आधी पेटतो, कोरा कागद बराचसा परतवतो म्हणून मागे राहतो. हिरवं पान तर पेटतच नाही, कारण आधी त्यातलं पाणी उकळून जावं लागतं. पोरांना ही क्रमवारी पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी पाठ झालेली असते.

कोणाच्या चष्म्यानं कागद पेटतो आणि कोणाच्या नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक असतं. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पद्धत रुळली नव्हती, तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आजी-आजोबांना दहा नंबरच्या आसपासचा जाडजूड चष्मा मिळायचा. त्याचं नाभीय अंतर दहा सेंटिमीटरच्या घरात. उन्हात धरला की कागद पेटलाच. वाचनाच्या दोन-अडीच नंबरच्या चष्म्यानं काळा कागद फार तर धुमसतो. आणि ज्यांना लांबचं दिसत नाही त्यांचा चष्मा या कामी निरुपयोगी, कारण ते भिंग अंतर्गोल, प्रकाश फाकवणारं. विल्यम गोल्डिंगच्या १९५४ सालच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या कादंबरीत बेटावर अडकलेली मुलं पिगीच्या चष्म्यानं आग पेटवतात. पिगी मात्र ऱ्हस्वदृष्टीचा दाखवला आहे. त्याच्या चष्म्यानं ठिणगीसुद्धा पडली नसती. भिंगाशी खेळलेल्या मुलाच्या नजरेतून ही चूक सुटत नाही.

मला स्वतःला या खेळातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती म्हणजे तो ठिपका. ते नुसतं उजेडाचं टोक नाही, सूर्याचं चित्र आहे. खंडग्रास ग्रहणाच्या दिवशी कागदावर तोच ठिपका कोरीसारखा दिसतो. म्हणूनच तो मोजता येतो, आणि त्यासाठी न पेटवणारं भिंग अधिक उपयोगी. दोन नंबरच्या वाचनाच्या चष्म्याचं नाभीय अंतर पन्नास सेंटिमीटर असतं. त्यानं पांढऱ्या कागदावर पाडलेला सूर्य पट्टीनं मोजला तर साडेचार मिलिमीटरच्या जरा पुढे भरतो, म्हणजे अंतराच्या साधारण १०८वा भाग. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे. त्याला १०८नं भागलं की जवळपास १४ लाख किलोमीटर येतात, आणि हाच सूर्याचा व्यास! आजोबांचा चष्मा, शाळेची पट्टी आणि एक भागाकार यांत सूर्य मोजून होतो. हे सातवीतल्या मुलाला जमतं आणि जमायलाच हवं.

फुटकळ साहित्यातून भिंग घडवायची हौसही आपल्याकडे दांडगी. फ्यूज गेलेल्या बल्बची टोपी पोखरायची, आतली तार काढायची, पाणी भरायचं. पाण्याच्या अशा गोळ्यात ऊन काचेपलीकडे साधारण गोळ्याच्या त्रिज्येइतक्या अंतरावर एकवटतं. कितीतरी वाड्यांमध्ये आणि चाळींमध्ये या बल्बचा सिनेमा झाला आहे. खोक्याला भोक, भोकापाशी थिएटरमागे सापडलेला फिल्मचा तुकडा, पुढे बल्ब आणि बाहेर आरसा धरून उन्हाचा झोत आत सोडणारा एक भिडू. अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर नायक उलटा उमटायचा, मग फिल्म फिरवून लावायची. १९५०च्या आधीच्या पुष्कळ फिल्म नायट्रेटच्या, भयंकर ज्वालाग्राही असत. त्यांच्याशी खेळणाऱ्या पिढीनं किती जोखीम घेतली, याची तिला कल्पना नव्हती.

खेळ पुरातन आहे. यास्काच्या निरुक्तात सातव्या अध्यायात सूर्यापासून अग्नी मिळवण्याची रीत आली आहे: काशाचं भांडं किंवा मणी घासून लख्ख करावा, उन्हात धरावा, वाळलेलं शेण त्याला न टेकवता समोर ठेवावं, म्हणजे ते पेटतं. ‘न टेकवता’ ही अट केलेल्यालाच सुचते. ॲरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. ४२३मधल्या ‘क्लाउड्स’ या ग्रीक नाटकात कर्जबाजारी म्हातारा आपल्यावरच्या दाव्याची मेणपाटी दुरूनच भिंगानं वितळवण्याचा बेत सांगतो. अकबराच्या दरबारात सूर्यकांत मण्यानं कापूस पेटवून तो अग्नी वर्षभर जपला जाई आणि दिवेवाले, मशालजी, आचारी तोच वापरत, असं अबुल फजलनं ‘ऐन-ए-अकबरी’त लिहून ठेवलं आहे. आर्किमिडीजनं आरशांनी रोमन जहाजं जाळल्याची कथा मी मोजत नाही. त्या वेढ्याचं वर्णन करणाऱ्या पॉलिबियसनं आरशांचं नावही काढलेलं नाही.

१ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टलीनं बारा इंची भिंगानं पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर ऊन एकवटलं. निघालेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजानं जळली. तो ऑक्सिजन होता. आणि जळक्या रेघेला शास्त्रानं रीतसर नोकरीही दिली आहे. जॉन फ्रान्सिस कॅम्पबेलनं १८५३मध्ये कल्पिलेल्या आणि पुढे स्टोक्सनं सुधारलेल्या यंत्रात काचेचा भरीव गोळा असतो. सूर्य सरकतो तसा त्याचा ठिपका मागच्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर रेघ जाळत जातो, ढग आला की रेघ तुटते. संध्याकाळी रेघेची लांबी मोजली की दिवसभरात किती तास ऊन होतं ते कळतं. पुणेकर ज्याला अजूनही सिमला ऑफिस म्हणतात, त्या हवामान खात्याच्या वेधशाळांमध्ये अशा पट्ट्या वर्षानुवर्षं जळल्या आहेत.

म्हणून भिंग काढून घेऊ नका, शेजारी बसा. वाळकं गवत आणि फटाक्यांची पिशवी दूर, पाण्याची बादली जवळ, आणि खेळ संपला की भिंग डब्यात. खिडकीत राहिलेलं भिंग पडदाही पेटवू शकतं. भिंगातून सूर्याकडे पाहायचं नाही, हे ठणकावून सांगा. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे तो भाजतो तेव्हा मुलाला पत्ताही लागत नाही, आणि गेलेली दृष्टी परत येईलच असं नाही. मुंग्या जाळणाऱ्याचा हात मात्र तिथेच धरावा. त्या जिवाचे हाल होतात, आणि ते पाहून मुलाला कळण्यासारखं काहीच नसतं.

त्याऐवजी पारदर्शक फुग्यात काळा फुगा घालून दोन्ही फुगवा आणि ठिपका आतल्या फुग्यावर आणा. आतला फटकन फुटतो, बाहेरचा शाबूत राहतो. बाहेरचा का वाचला? तो ऊन शोषत नाही म्हणून, की ठिपका त्याच्यावर एकवटलेलाच नव्हता म्हणून? हे ठरवायचं तर भिंग थोडं मागे घेऊन ठिपका बाहेरच्या फुग्यावर आणून पाहावा लागतो.