पहिली टूरिंग बाईक घेताय? विम्याचे कागद आधी वाचा!

हिमालयन ४५० सारखी गाडी घेताना सगळं लक्ष ऑन-रोड किमतीवर असतं. पण विमाही तितकाच महत्त्वाचा.

🏍️ नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा. त्याचा दर सरकार ठरवतं, त्यात घासाघीस नाही.

🏍️ स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा. तो शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. चार ठिकाणी विचारा.

🏍️ प्रीमियम कमी दिसला, तर आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) कमी धरलाय का ते बघा. गाडी चोरीला गेली की भरपाई त्यावरच ठरते.

🏍️ झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) घ्याच. नाहीतर प्लास्टिक-रबरच्या भागांचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून.

🏍️ बाहेरून बसवलेले पॅनियर, क्रॅश गार्ड पॉलिसीत नोंदवा.

कुणाला काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा!