कांचेच्या पाटीवरील वसंत

यंत्रयुगानें मनुष्याचे डोळे आकाशावरून काढून हातांतील चकाकत्या कांचेवर खिळविले, अशी तक्रार आज घरोघर ऐकूं येते. ती निराधार नाहीं. दारांतील आंब्याला मोहोर केव्हां आला हें ज्याला ठाऊक नसतें, तो दूरदेशच्या बर्फाचीं छायाचित्रें मात्र तासन् तास पाहत असतो. पण दोष कांचेचा कीं डोळ्यांचा? डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकाराचीं निसर्गचित्रें या प्रश्नाचा उलगडा करण्यास फार उपयोगी पडतात.

हॉकनी यांचा जन्म १९३७ सालीं यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्ड येथें झाला. कॅलिफोर्नियांत अनेक वर्षें घालविल्यावर उतारवयांत ते यॉर्कशायरच्या ब्रिडलिंग्टन या समुद्रकांठच्या गांवीं येऊन राहिले. २००९ च्या सुमारास, सत्तरी उलटल्यावर, त्यांनीं आयफोनच्या इवल्याशा पडद्यावर अंगठ्यानें चित्रें काढण्यास आरंभ केला. पहांटे अंथरुणांतूनच ते खिडकीबाहेरचें उजाडणें टिपून घेत. यांतील मर्म लक्षांत घेण्यासारखें आहे. कागदावर पहांट रेखाटावयाची तर आधीं दिवा लावावा लागतो. आणि दिवा लागला कीं खिडकींतील अंधुक पहांट दिसेनाशी होते! पडदा स्वयंप्रकाशी असल्यामुळें त्याला दिवा लागत नाहीं. शिवाय रंग कालवावे लागत नाहींत कीं ते वाळण्याची वाट पाहावी लागत नाहीं. क्षणोक्षणीं पालटणारा प्रकाश पकडावयास याहून सोयीचें साधन कोणतें?

२०१० सालीं पाटीएवढा आयपॅड निघाला. पुढच्याच वर्षीं ब्रिडलिंग्टनजवळच्या वोल्डगेट नांवाच्या साध्या ग्रामीण रस्त्यावर हॉकनी तो घेऊन पुनःपुन्हां गेले. निष्पर्ण फांद्यांपासून गर्द पालवीपर्यंत त्या एकाच रस्त्याचीं रूपें त्यांनीं काढलीं. त्यांतील ५१ चित्रें, मोठीं करून कागदावर छापलेलीं, आणि ३२ कॅनव्हास जोडून केलेलें एक भव्य तैलचित्र, हीं सर्व २०१२ सालीं लंडनच्या रॉयल अकॅडमींत मांडण्यांत आलीं. २०२० सालीं साथीच्या रोगामुळें जग घरांत कोंडलें गेलें, तेव्हां फ्रान्समधील नॉर्मंडींत राहून त्यांनीं वसंताचीं ११६ चित्रें अशाच रीतीनें काढलीं. त्यांतील डॅफोडिल फुलांचें एक चित्र त्यांनीं त्याच वसंतांत जगापुढें ठेवलें. ज्यांना उंबरठा ओलांडण्याची मोकळीक नव्हती, त्यांना ऋतु पालटल्याची वर्दी पडद्यानेंच दिली.

या साधनाला मर्यादाही आहेत. गुळगुळीत कांचेवर कागदाचा खरखरीतपणा किंवा तैलरंगाचा जाड थर नाहीं. चित्र कागदावर छापतांच त्याचें आंतून उजळणेंही लोपतें. गारठा, ओल्या मातीचा वास, पांखरांचा किलबिलाट हे तर कोणत्याच चित्रांत उतरत नाहींत. त्यांसाठीं बाहेरच गेलें पाहिजे.

तथापि भेद साधनांत नसून वापरण्याच्या रीतींत आहे. आयतें चित्र पाहणाऱ्याची मान खालींच राहते. पण एक फांदी रेखाटावयाची तर दहा वेळां मान वर करून झाडाकडे पाहावें लागतें. म्हणून मुलाच्या हातून कांच हिसकावून घेण्यापेक्षां त्याला तिच्यासह खिडकीशीं बसवावें आणि समोरचें एकच झाड वर्षभर, ऋतूऋतूंत, काढावयास सांगावें. त्याच्या शेजारीं वडील माणसांनींही बसावें, हें उत्तम. कारण तें झाड पाहावयाचें त्यांचेंही बहुधा राहून गेलेलें असतें.