थर्मोस्टॅट किती अंशांचा असावा?

उन्हाळा सुरू झाला, की कसारा किंवा खंबाटकी घाटाच्या चढणीवर रस्त्याच्या कडेला वाफाळत उभे असलेले मालट्रक दिसू लागतात. अशा वेळी गॅरेजमध्ये बहुधा एकच सल्ला मिळतो : ‘थर्मोस्टॅट काढून टाका, नाहीतर कमी अंशांचा बसवा.’ हा सल्ला वरवर पटतो. मात्र थर्मोस्टॅटचे नेमके कार्य लक्षात घेतले, तर त्यातील धोका स्पष्ट होतो.

थर्मोस्टॅट ही इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधील, उष्णतेवर चालणारी झडप होय. तिच्यातील धातूच्या लहानशा डबीत विशिष्ट प्रकारचे मेण असते. पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले, की मेण वितळून प्रसरण पावते आणि झडप उघडते. तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहते, त्यामुळे इंजिन लवकर तापते.

झडपेवर कोरलेला आकडा हे ती उघडू लागण्याचे तापमान असते. अनेक डिझेल ट्रकमध्ये हा आकडा ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. काही इंजिनांत ७१ किंवा ८८ अंशांची झडपही आढळते. ८२ अंशांची झडप पूर्ण उघडण्यासाठी पाणी सुमारे ९५ अंशांपर्यंत तापावे लागते. याचा अर्थ, थर्मोस्टॅट इंजिनाचे किमान तापमान राखतो. कमाल तापमान रेडिएटर, पंखा आणि पाण्याचा पंप यांच्या क्षमतेवर ठरते. झडप एकदा पूर्ण उघडली, की ती ७१ अंशांची असो वा ८२ अंशांची, घाटातील लांब चढणीवर फारसा फरक पडत नाही.

इंजिन सतत गार राहिल्याचे दुष्परिणाम मात्र हळूहळू दिसू लागतात. तेल घट्ट राहते, डिझेल पूर्ण जळत नाही आणि त्याचा काही अंश तेलात उतरतो. ज्वलनातून निर्माण होणारी वाफ तेलात थंड होऊन गाळ साचतो. पिस्टनच्या रिंगा व लायनर लवकर झिजतात आणि इंधनाचा खर्च वाढतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या वाहनांत काजळी रोखणारी गाळणी असते. ती स्वतःला स्वच्छ करू शकावी, यासाठीही इंजिन पुरेसे गरम होणे आवश्यक असते.

झडप काढून टाकण्यात आणखी एक धोका आहे. बऱ्याच इंजिनांत झडप उघडताना पाण्याचा आतला आडमार्ग बंद करते. ती नसेल, तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरमध्ये न जाताच परत फिरतो आणि चढणीवर इंजिन उलट अधिक तापू शकते.

त्यामुळे उत्पादकाने सुचवलेल्या आकड्याचीच झडप वापरणे हिताचे. झडपेविषयी शंका असल्यास ती पातेल्यातील पाण्यात दोरीने टांगून पाणी तापवावे आणि तापमापकावर लक्ष ठेवावे. कोरलेल्या आकड्याच्या आसपास ती उघडू लागली नाही किंवा गार झाल्यावर पूर्ण मिटली नाही, तर बदलावी. नवी झडप बसवताना मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला असावी आणि हवा निघण्यासाठी असलेले बारीक छिद्र वरच्या बाजूला ठेवावे.

झडप योग्य असूनही इंजिन तापत असेल, तर दोष अन्यत्र शोधावा : रेडिएटरच्या पत्र्यांत अडकलेली धूळ, सैल पट्टा, नीट न फिरणारा पंखा, क्षारयुक्त पाण्याने आत बसलेला थर. रेडिएटरचे झाकणही तपासावे. सुमारे एक बार दाब धरणाऱ्या झाकणामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांपर्यंत जातो. झाकणाचे रबर खराब झाल्यास ही सुरक्षितता नाहीशी होते. मात्र गरम इंजिनावरील झाकण कदापि उघडू नये, कारण दाबाखालील पाणी उसळून गंभीर भाजण्याचा धोका असतो.

हेड गॅस्केट जळाल्यास इंजिन उघडावे लागते आणि ट्रक कित्येक दिवस उभा राहतो. एकाच ट्रकवर घर चालवणाऱ्या मालकासाठी तो फटका मोठा असतो. थर्मोस्टॅट काढून तो टळत नाही; तापण्याचे मूळ कारण शोधल्यानेच टळतो.