उभ्या गाडीचं दुखणं

धावून गाडी झिजते. पण उभी राहून ती जास्त खंगते, आणि ते दुखणं बाहेरून दिसत नाही. सचिनमधल्या एका गॅरेजात जुन्या फियाटचं काम शेवटपर्यंत पाहिलं, तेव्हा हे पटलं.

सुरतेच्या दक्षिणेला, मुंबईच्या रेल्वेमार्गावरचं हे गाव आज जीआयडीसीतल्या कापड कारखान्यांमुळे ओळखलं जातं. 1791 साली पेशव्यांशी झालेल्या तहातून जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याच्या एका वारसाला हा मुलूख मिळाला आणि सचिन संस्थान उभं राहिलं. आता इथे मराठी ऐकू येते ती खानदेशामुळे. ताप्ती व्हॅली लाइनने पोटापाण्यासाठी आलेली कितीतरी कुटुंबं सुरतेच्या या पट्ट्यात स्थिरावली आहेत. आमचे मिस्त्रीही अमळनेरकडचे.

गाडी 1973 ची प्रीमियर प्रेसिडेंट. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही फियाट 1100. पुढच्याच वर्षी या मॉडेलला ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीची 2021 च्या नियमांनुसार ‘विंटेज’ म्हणून नोंद करता येते. मालकांना ती करायची होती, पण गाडी कित्येक वर्षं शेडमध्ये झाकून ठेवलेली होती. आधी इंजिनाचा आवाज ऐकायची त्यांना घाई.

“भाऊ, पहिले ब्रेक,” मिस्त्री म्हणाले. “थांबणारी झाली की मग चालू करू.”

चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम निघाल्यावर आतली धूळ त्यांनी फुंकली नाही, ओल्या फडक्याने पुसून घेतली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ते छातीत जाता कामा नये. मग व्हील सिलिंडर खोलला. रबरी बकेट फुगून चिकटलेली, आणि मागे तपकिरी गाळ. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 3 प्रतीचं कोरडं ऑइल 205 अंशांच्या खाली उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा 140 वर येते. गरम ड्रमपाशी त्याची वाफ झाली, तर पेडल सरळ फळीला टेकतं. समुद्र जवळ असलेल्या सुरतेसारख्या दमट मुलखात उभ्या गाडीत हे पाणी मुरतच राहतं आणि सिलिंडरच्या भिंती आतून गंजवतं.

मिस्त्रींनी सिलिंडरच्या आतून नख फिरवलं. नख अडकलं. “हा बाद.” दुसऱ्यात अडकलं नाही, तो घासून, धुऊन, नवं किट टाकून परत बसवला. रबर बसवताना ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावायचं नाही, ब्रेक ऑइलच लावायचं, कारण खनिज तेलाने हे रबर फुगतं.

मग एअर काढायची पाळी. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाची. पोरगा सीटवर, मिस्त्री चाकाशी. “पंप मार... मार... धर!” निपल सैल केला की नळीतून ऑइलबरोबर बुडबुडे यायचे. निपल आवळायचा आणि मगच पेडल सोडायचं. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. मध्ये हवा असेल तर तो जोर तिलाच दाबण्यात खर्च होतो. पेडल टणक लागेपर्यंत हे चालू राहिलं. या गाडीत एकच सर्किट. एक पाइप फुटला तर चारही चाकांचे ब्रेक जातात, म्हणून प्रत्येक जोड कोरडा आहे ना, हे त्यांनी बोट फिरवून पाहिलं.

मग करंट. प्लग काढून बॉडीला टेकवला, स्टार्टर मारला. ठिणगी पिवळी, मलूल. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं तर सीबी पॉइंट काळवंडलेले, आणि ते उघडताना त्यांच्यातच ठिणग्या उडत होत्या. मिस्त्रींनी कॉइलला हात लावला नाही, कंडेन्सर बदलला. पॉइंट उघडले की कॉइलमधला प्रवाह झटकन तुटायला हवा. तेव्हाच 12 व्होल्टच्या बॅटरीतून हजारो व्होल्ट उभे राहतात. कंडेन्सर दुबळा असेल तर तो प्रवाह पॉइंटमध्येच जळत राहतो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असताना ही उघडझाप सेकंदाला शंभर वेळा होते. पॉइंट साफ करून फाट अर्ध्या मिलीमीटरच्या आत, फीलर गेजने लावली. टायमिंगसाठी पुलीची खूण जुळवली, कॉइलच्या तारेला छोटा बल्ब जोडला आणि डिस्ट्रिब्युटर केसाकेसाने फिरवला. बल्ब पेटला त्या क्षणी नट आवळला. आता ठिणगी निळी, कडक. 1-3-4-2 या क्रमाने वायरी लावल्यावर इंजिन लागलं.

ब्रेक आणि करंट ही दोन वेगळी कामं, पण दोन्हीकडे पडून राहण्याने आणि ओलीने घात केला होता. उलट, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली ती वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे. तोवर ती रोज धावणारी, रोज कुणाच्या तरी नजरेखालची गाडी होती. विंटेज नोंदणीनंतर रोजच्या वापराला मनाई असली, तरी देखभालीसाठी, पेट्रोलसाठी, रॅलीसाठी गाडी बाहेर काढता येते. ती मुभा मालकांनी पुरेपूर वापरावी. इंजिन पुरतं तापेपर्यंत गाडी नियमाने फिरवावी, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावं, पावसाळ्यानंतर पॉइंट पाहावेत. जुनी गाडी जपायची असेल, तर तिला चालती ठेवली पाहिजे.