न वाढणारे मूल : ‘फँटॅस्टिक फोर’ या चित्रकथामालेतील कुटुंब आणि काल

१

दीर्घकाळ चालणाऱ्या मालिकारूप कथनात काळ कसा वाहतो, हा कथनमीमांसेतील एक अवघड प्रश्न आहे. कादंबरीला शेवट असतो. त्यामुळे तिच्यातील पात्रे वाढतात, म्हातारी होतात, मरतात, आणि या क्रमातूनच त्यांच्या कृतींना अर्थ प्राप्त होतो. ज्या मालिकेला शेवट ठरवून दिलेला नाही, तिच्यातील पात्रांना मात्र ही सोय नसते. उद्याचा अंक निघावयाचा असेल, तर आजचा नायक थकून चालत नाही. इटालियन विचारवंत उंबेर्तो एको यांनी १९६२ साली सुपरमॅन या चित्रकथानायकावर लिहिलेल्या निबंधात हा पेच प्रथम नेमकेपणाने मांडला. पुराणकथेतील नायकाची कथा घडून गेलेली असते आणि ती श्रोत्याला ठाऊक असते. कादंबरीतील नायकाची कथा वाचकासमोर घडत असते. सुपरमॅनला एकाच वेळी या दोहोंच्या अटी पाळाव्या लागतात. त्याने काही केले की तो मृत्यूच्या दिशेने एक पाऊल सरकतो. काहीच केले नाही तर गोष्ट उरत नाही. म्हणून त्याच्या प्रत्येक गोष्टीत काळ नव्याने सुरू होतो आणि मागील गोष्टीची खूण पुढच्या गोष्टीवर राहत नाही. सुपरमॅनने लग्न करू नये, याचे कारण एको यांच्या मते हेच आहे. विवाह ही परत न फिरणारी घटना होय.

एको यांचा हा निबंध प्रसिद्ध झाला त्याच्या थोडे आधीच, १९६१ साली, अमेरिकेत एक अशी मालिका सुरू झाली होती की जिने हा नियम हेतुतः मोडला. मार्व्हल या प्रकाशनसंस्थेची, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी निर्माण केलेली ‘फँटॅस्टिक फोर’ ही ती मालिका. नियम मोडण्याची किंमत तिला कशी आणि कोणाकरवी चुकवावी लागली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

या मालिकेतील चौघे एका अग्निबाणातून अवकाशात जातात, विश्वकिरणांच्या माऱ्यात सापडतात आणि परततात ते अद्‌भुत शक्ती घेऊन. शास्त्रज्ञ रीड रिचर्ड्‌सचे शरीर रबरासारखे ताणता येते. त्याची वाग्दत्त वधू सू स्टॉर्म अदृश्य होऊ शकते. तिचा धाकटा भाऊ जॉनी पेट घेऊन उडतो. आणि रीडचा मित्र बेन ग्रिम कायमचा पाषाणदेही होऊन बसतो. इतर संघ कामापुरते एकत्र येतात. हे चौघे मात्र एका घरात राहतात, भांडतात, रुसतात आणि पुन्हा एका टेबलाशी जेवावयास बसतात. संघ हेच कुटुंब, ही या मालिकेची मूळ कल्पना होय.

या कुटुंबात काळाचा उपद्रव फार लवकर शिरतो, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९६२ सालच्या पाचव्याच अंकात डॉक्टर डूम हा प्रतिनायक सूला ओलीस ठेवतो आणि उरलेल्या तिघांना आपल्या कालयंत्रावरून भूतकाळात, सागरी चाच्यांच्या युगात पाठवितो. १९६३ सालच्या एकोणिसाव्या अंकात हे चौघे प्राचीन इजिप्तमध्ये जातात. तेथे जाण्याचे कारण जगाचे रक्षण हे नसून बेनच्या अंध प्रेयसीच्या दृष्टीवर उपाय शोधणे हे आहे. तेथे त्यांना रामा-टुट हा भविष्यातून येऊन फॅरो बनलेला राजा भेटतो. पुढील लेखकांनी याच राजाचा संबंध रिचर्ड्‌स घराण्याच्या वंशवेलीशी जोडला. कालप्रवासाची प्रेरणा घरातून येते आणि कालातून आलेला शत्रूही अखेर घरचाच निघतो, अशी ही रचना आहे.

१९६५ सालच्या तिसऱ्या वार्षिकांकात रीड आणि सू यांचा विवाह झाला. डूमच्या कारस्थानामुळे असंख्य शत्रू विवाहस्थळी चालून येतात. अखेर रीड एका कालयंत्राच्या साहाय्याने त्या सर्वांना हल्ल्यापूर्वीच्या क्षणाकडे परत पाठवितो. त्यांच्या स्मृतीतूनही तो हल्ला पुसला जातो. विवाह ही जर परत न फिरणारी घटना असेल, तर ती पार पाडण्यासाठी येथे काळच परत फिरवावा लागला आहे. पुढील अर्धशतकाचा करार जणू या एका प्रसंगात लिहिला गेला : कुटुंबाने काळ पुढे न्यावा आणि मालिकेने तो मागे ओढावा.

मिखाइल बाख्तिन यांनी प्राचीन ग्रीक प्रेमकथांच्या संदर्भात ‘साहसकाल’ ही संकल्पना मांडली. प्रेमिकांची भेट आणि त्यांचा विवाह या दोन बिंदूंच्या मध्ये कितीही संकटे येवोत, नायक-नायिकेचे वय वाढत नाही. तो काळ जीवनक्रमात धरला जात नाही. तेथे विवाहाबरोबर कथा संपते. प्रस्तुत मालिकेत मात्र विवाहानंतरही कथा चालूच राहिली, आणि साहसकाल व जीवनकाल एकाच घरात नांदू लागले.

३

या सहवासातील खरा संघर्ष अपत्यजन्मानंतर दिसू लागतो. १९६८ सालच्या सहाव्या वार्षिकांकात रीड आणि सू यांना मुलगा झाला. त्याचे नाव फ्रँकलिन. प्रौढ पात्राचे वय लपविता येते. मुलाचे येत नाही. तीस आणि चाळीस यांतील फरक चित्रकाराच्या रेषेत विरून जातो. पाळण्यातील मूल आणि शाळकरी मूल यांतील फरक विरत नाही. फ्रँकलिन जन्मला त्या वर्षी जन्मलेला वाचक विशीत आला, तेव्हाही फ्रँकलिन बालकच होता.

ही विसंगती झाकण्यासाठी अभ्यासक ज्याला ‘सरकता काल’ म्हणतात, ती व्यवस्था रूढ झाली. मालिकेचा आरंभ नेहमीच आजपासून काही मोजक्या वर्षांमागे झाला, असे तीत मानले जाते. ‘आज’ पुढे सरकला की आरंभही सरकतो. १९६३ सालच्या एका अंकात रीड आणि बेन हे दुसऱ्या महायुद्धात लढल्याचे सांगितले होते. काळ सरकला तसे ते महायुद्ध त्यांच्या चरित्रात बसेना. २०१९ साली मार्व्हलने त्याऐवजी सियानकाँग या काल्पनिक देशातील युद्ध योजले. इतिहासातील घटना अशा रीतीने बदलून घेता येते. मूल बदलून घेता येत नाही. म्हणून त्याला वेगळ्या मार्गांनी थोपवावे लागते.

ते मार्ग पाहण्याजोगे आहेत. १९७३ सालच्या १४१व्या अंकात फ्रँकलिनची शक्ती अनावर झाल्याचे पाहून रीड स्वतःच्या यंत्राने मुलाचे मन बंद करून टाकतो. सू त्याला सोडून जाते. प्रकरण घटस्फोटाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचते, आणि पुढच्या वर्षी समेट होतो. कथेच्या पातळीवर हा एका शास्त्रज्ञ पित्याचा निष्ठुर निर्णय आहे; रचनेच्या पातळीवर तो मालिकेचाच निर्णय आहे. मुलाची वाढ जगाला धोका ठरते, असे पिता म्हणतो. ती मालिकेला धोका ठरते, हे त्यातील न उच्चारलेले सत्य होय. १९८२ सालच्या २४५व्या अंकात, जॉन बर्न यांच्या कारकिर्दीत, फ्रँकलिन स्वतःच्या शक्तीने प्रौढ पुरुष होतो आणि अंक संपण्यापूर्वी पुन्हा बालक होतो. येथे मूल स्वतःच आपली वाढ नाकारते. १९९३ साली रीडचा पिता नॅथॅनियल हा कालप्रवासी आजोबा लहान फ्रँकलिनला भविष्यात घेऊन जातो आणि त्याच क्षणी तो तरुण होऊन परत येतो. आईच्या वाट्याला त्याच्या वाढीचे एकही वर्ष येत नाही. हा तरुणही मालिकेत टिकला नाही. पुढे फ्रँकलिन पुन्हा बालरूपात अवतरला.

४

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला येथे ययातीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. दोन कथांत प्रभावाचा संबंध नाही. समस्या मात्र एकच आहे. पित्याचे तारुण्य टिकावे म्हणून पुत्राच्या वयाशी व्यवहार केला जातो. महाभारतात हा व्यवहार उघडपणे होतो. शुक्राचार्यांच्या शापाने जरा आलेला ययाती पुत्रांपाशी तारुण्य मागतो. वडील पुत्र नकार देतात. धाकटा पुरू होकार देतो. व्यवहाराला मुदत आहे, मोबदला आहे आणि शेवटही आहे : ययाती तारुण्य परत करतो, आणि राज्य पुरूला मिळते. वि. स. खांडेकरांच्या १९५९ सालच्या कादंबरीला आणि गिरीश कार्नाड यांच्या १९६१ सालच्या कन्नड नाटकाला हा विषय आधुनिक वाटला, याचे कारणही त्या व्यवहारातील नैतिक प्रश्न उघडा आहे हेच होय. कार्नाडांच्या नाटकात पुरूच्या पत्नीला स्थान देऊन, या अदलाबदलीत तिसऱ्याच कोणाचे आयुष्य पणाला लागते, हा प्रश्न विचारला आहे.

‘फँटॅस्टिक फोर’मध्ये रीडचे तारुण्यही पुत्राच्या बालपणावर उभे आहे, परंतु कोणी कोणापाशी काही मागितलेले नाही. म्हणून परतफेडही नाही. कुरकुर निघते ती सूच्या तोंडून, आणि तीही कथेतील तात्कालिक कारणांच्या आडून.

काकुद्मी आणि रेवती यांच्या पुराणकथेशी केलेली तुलना याहून बोलकी ठरते. कन्येसाठी योग्य वर कोण, हे विचारण्यास राजा तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तेथील गायन संपेपर्यंत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटतात आणि मनात योजलेले सर्व वर वंशांसह नाहीसे झालेले असतात. येथेही घरगुती कारणाने निघालेला प्रवास काळाच्या भ्रंशात परिणत होतो. पण पुराणकार काळ परत फिरवीत नाही. रेवती ज्या युगात उतरते त्या युगातच बलरामाशी तिचा विवाह होतो. हरपलेली युगे हरपलेलीच राहतात.

मराठी वाचकाला इंद्रजाल कॉमिक्समधून परिचित झालेला वेताळ, म्हणजे ली फॉक यांचा फँटम, हे तिसरे उदाहरण. १९३६ साली सुरू झालेल्या या मालिकेत मुखवट्यामागील पुरुष मरतो आणि त्याचा पुत्र मुखवटा चढवितो. जगाला मात्र तोच एक अमर पुरुष वाटतो. या एकविसाव्या वेताळाचे लग्न १९७७ साली झाले आणि १९७९ साली त्याला जुळी मुले झाली. तेथे विवाह आणि अपत्य यांमुळे मालिका धोक्यात येत नाही, कारण वंश हेच अमरत्वाचे साधन आहे. ‘फँटॅस्टिक फोर’ने कुटुंब स्वीकारले, पण वंशपरंपरेचा हा उपाय स्वीकारला नाही. उत्तराधिकारी जन्मला, जागा मात्र रिकामी झाली नाही.

५

काळ परत फिरविण्याची सर्वांत गंभीर कसोटी दुसऱ्या अपत्याच्या बाबतीत लागली. १९८४ सालच्या २६७व्या अंकात सूचे मूल जन्मतःच दगावते. रीड एका शत्रूची मनधरणी करून त्याचे साहाय्य मिळवितो, पण पोहोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. ज्या मालिकेत उशीर हा शब्दच निरर्थक ठरावा, तीत हा प्रसंग अपवादात्मक आहे. कालयंत्र बाळगणाऱ्या घराला एकदा तरी काळासमोर हार मानावी लागली, आणि त्या हारेतून त्या घराला खरे वजन प्राप्त झाले.

पुढे ही हारही परत घेण्यात आली. १९९९ साली व्हॅलेरिया नावाची एक मुलगी भविष्यातून अवतरली. ती तेच दगावलेले मूल असून फ्रँकलिनने आपल्या शक्तीने तिला वाचविले होते, असा उलगडा झाला. २००२ साली सूच्या पोटी तिचा पुन्हा जन्म झाला, आणि या वेळी डूमने साहाय्य करून तिला नाव दिले. वाचकाला आनंद व्हावा अशी ही घटना आहे. तरी तिच्याबरोबर एक हानीही झाली. १९८४ सालचे दुःख खरे होते की तो केवळ लांबणीवर टाकलेला जन्म होता? मालिका याचे उत्तर देत नाही. मृत्यू मागे घेता आला, तरी शोक मागे घेता येत नाही. तो ज्या वाचकांनी केला त्यांच्यापाशी तो तसाच राहतो.

या प्रश्नाची जाणीव पुढच्या लेखकांना झाल्याचे दिसते. जोनाथन हिकमन यांनी २००९ ते २०१२ या काळात लिहिलेल्या अंकांत रीडला अनेक विश्वांतील स्वतःचीच रूपे भेटतात. सर्व प्रश्न सोडविण्याचा ध्यास घेतलेल्या या रीडांनी आपापल्या कुटुंबांचा त्याग केला आहे. मालिकेतील रीड त्यांना सोडून घरी परततो. २०२१ साली मार्क रसेल आणि शॉन इझाक्से यांनी ‘लाइफ स्टोरी’ ही सहा अंकांची स्वतंत्र मालिका केली; तीत हीच पात्रे १९६० च्या दशकापासून खऱ्या वर्षांबरोबर म्हातारी होत जातात. असे करता येते, परंतु त्यासाठी मूळ मालिकेबाहेर पडावे लागते आणि शेवट मान्य करावा लागतो. २०२५ सालच्या ‘फर्स्ट स्टेप्स’ या चित्रपटाने कथा पुन्हा १९६० च्या दशकातील एका कल्पित जगात नेली आणि फ्रँकलिनचा जन्म केंद्रस्थानी ठेवला. सत्तावन्न वर्षांनंतर तो पुन्हा पाळण्यात आला.

एको यांच्या विवेचनात यामुळे एक भर घालावी लागते. मालिकेतील काळ विरघळून जातो, हे त्यांचे निरीक्षण येथेही खरे ठरते; पण तो सर्वांसाठी सारखा विरघळत नाही. पित्याला त्यातून चिरतारुण्य मिळते, मुलाला चिरबाल्य. आणि आईला मिळते ती दोघांमधील हरवलेल्या वर्षांची जाणीव. मालिकारूप कथनांचा अभ्यास करताना, मग ती अमेरिकन चित्रकथा असो वा एका रात्रीत वीस वर्षांची झेप घेणारी भारतीय दूरचित्रवाणी मालिका असो, काळ थांबला की धावला एवढे विचारून भागणार नाही. तो कोणाच्या आयुष्यातून वजा झाला, हेही विचारावयास हवे.