वास नळीला येतो, की नळीत थांबलेल्याला?

अ‍ॅनापोलिसच्या मरीनात, उन्हाळ्यातल्या एका शनिवारी, आई आमच्या बोटीच्या पुढच्या केबिनमध्ये झोपली आणि पहाटेच उठून वर येऊन बसली. सांगलीहून दोन महिन्यांसाठी आलेली. मला वाटलं, बोट लागली असेल. "बोट नाही रे लागली," ती म्हणाली. "गादीखालून वास येतोय. प्लास्टिकच्या डब्यात हिंग ठेवला की डबा धुतला तरी येत राहतो ना, तसा. मुरलेला."

त्या गादीखालून टॉयलेटची नळी जात होती. मी फळी उचलून पाहिलं. नळी बाहेरून कोरडी ठणठणीत, क्लॅम्प घट्ट, कुठे थेंब नाही. तरी मी क्लॅम्प आणखी आवळले. शिडाच्या बोटी बाळगणारे बहुतेक जण आधी हेच करतात, कारण वास म्हणजे गळती हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

वस्तुस्थिती वेगळी आहे. अमेरिकेत किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला पाण्यात सोडायला कायद्याने बंदी आहे, आणि आमचा चेसापीक उपसागर तर सगळाच त्या हद्दीत येतो. म्हणून बोटीवर मैल्याची टाकी असते आणि ती भरली की मरीनात पंपाने उपसून घेतात. टॉयलेटपासून टाकीपर्यंत बहुधा दीड इंची, म्हणजे 38 मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी असते. तिला भोक पडायची गरजच नसते. मऊ प्लास्टिक आपल्याला सलग दिसतं, पण वासाचे रेणू त्यात विरघळतात, आतून बाहेर सरकत जातात आणि शेवटी केबिनच्या हवेत उतरतात. द्रव आतच राहतो, वास तेवढा बाहेर येतो. हिंगाच्या डब्याचं नेमकं हेच होतं. आईने डबा सांगितला होता, मी झाकण आवळत बसलो होतो.

नळी दोषी आहे का, हे ओळखायला उपकरण लागत नाही. स्वच्छ सुती फडकं गरम पाण्यात भिजवून पिळायचं, नळीच्या एका भागावर घट्ट गुंडाळायचं, गार होऊ द्यायचं आणि मग बोटीबाहेर नेऊन हुंगायचं. प्रत्येक भागाला नवं फडकं. फडक्याला वास लागला, तर नळीचा तो भाग संपला. बाहेरून कितीही पुसला तरी उपयोग नाही. आमच्या नळीची दोन्ही टोकं चांगली निघाली. वास फक्त मधल्या हातभर भागाला होता, जिथे नळी झोळीसारखी लोंबत होती. या गोष्टीचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

कारण दुसरा गैरसमज आड आला: सगळ्यात महागडी, 'वासरोधक' छापलेली नळी घेतली की प्रश्न मिटतो. मी तशी नळी आणली आणि जुन्याच वाटेने बसवली. पुढच्या उन्हाळ्यात फडक्याला पुन्हा वास, पुन्हा त्याच हातभर भागाला.

नळीचा दर्जा महत्त्वाचा नाही, असं मी म्हणत नाही. तळातलं पाणी उपसायची पातळ, आतून वळ्यावळ्यांची नळी इथे कधीच लावू नये. वळ्यांमध्ये मैला अडकतो आणि पातळ भिंतीतून वास लवकर पार होतो. पिण्याच्या पाण्याची साधी पारदर्शक नळीही नको. आतून गुळगुळीत, जाड भिंतीची, खास मैल्यासाठी बनवलेलीच नळी हवी. नळी पांढरी की काळी यावरून मात्र काही ठरत नाही. पांढऱ्या सहसा प्लास्टिकच्या आणि काळ्या बहुधा रबराच्या असतात, आणि दोन्हींत चांगल्या-वाईट मिळतात. पण कुठलीही मऊ नळी वास कायमचा अडवत नाही, ती त्याला उशीर लावते. किती उशीर, हे तिच्यात मैला किती वेळ पडून राहतो यावर ठरतं.

इथे साधं गणित कामाला येतं. 38 मिलिमीटरच्या नळीत मीटरमागे सुमारे 1.1 लिटर मावतं. आमची नळी तीन मीटरची, म्हणजे जवळजवळ साडेतीन लिटर. टाकी लवकर भरू नये म्हणून टॉयलेटच्या हातपंपाबद्दल आम्ही सगळ्यांना सांगायचो, "चार झटके मारा, बास." ती काटकसरच नळीच्या मुळावर आली होती. भांड्यातलं नजरेआड व्हायचं आणि जाऊन झोळीत बसायचं, आठवडाभर. तुमच्या पंपाला किती झटके लागतात हे पाहायचं असेल, तर समुद्राकडची झडप बंद ठेवून भांड्यात मोजून एक लिटर पाणी ओता आणि ते रिकामं होईपर्यंत झटके मोजा. त्याला नळीतल्या लिटरांनी गुणा. हा आकडा टॉयलेटच्या दारावर लिहून ठेवावा, इतका तो मोलाचा आहे.

म्हणून नळी विकत घेण्याआधी वाट आखावी. चढ असेल तो टॉयलेटजवळच एकदा संपवावा आणि तिथून टाकीपर्यंत सलग उतार द्यावा. मध्ये झोळ पडू नये म्हणून थोड्या थोड्या अंतरावर आधार हवेत. लांब आणि सरळ पट्ट्यात पीव्हीसीचा कडक पाइप घालावा, कारण त्यातून वास जवळपास जातच नाही, आणि बोटीची लवचिकता व हादरे सोसायला दोन्ही टोकांना तेवढी मऊ नळी. टाकीच्या बुडातून नळी निघत असेल, तर ती सदैव भरलेली राहते. कडक पाइपची खरी गरज तिथे आहे. चांगली नळी ताठ असते, वळणाला हट्ट करते. टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करावं, भांड्यांच्या साबणाचा हात लावावा, की बसते. पाण्याच्या पातळीखालच्या जोडांवर स्टेनलेस स्टीलचे दोन-दोन क्लॅम्प हवेत, पण ते वासासाठी नाहीत, बोट बुडू नये म्हणून आहेत.

अनेकदा दोष नळीचा नसतोच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार होतो. चार दिवसांनी बोटीवर आल्यावर पहिल्याच झटक्याला सडक्या अंड्याचा भपका आला आणि मग विरला, तर तो वास मैल्याचा नाही, आत येणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा आहे. त्यातले सूक्ष्म जीव नळीत कोंडून मरतात. पाण्यातला प्राणवायू संपला की काही जिवाणू सल्फेटवर जगू लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. खुल्या समुद्राच्या दर लिटरमध्ये सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असतं, त्यामुळे त्यांना कमतरता नाही. बाहेर जाणारी नळी कितीही वेळा बदलली तरी हा वास जाणार नाही. बोट सोडताना आत येणाऱ्या वाटेत गोडं पाणी भरून ठेवलं की जातो. मात्र बोटीची पिण्याच्या पाण्याची लाइन समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या टॉयलेटला थेट जोडू नये. मैल्यातले जंतू उलटे पिण्याच्या टाकीत जाऊ शकतात, आणि बोटीवर ती बहुधा एकच असते.

टाकीच्या श्वासनळीबद्दल तर सरळ उलटी समजूत आहे: हवेची नळी जितकी बारीक, तितका वास कमी. टाकीत हवा खेळली तर प्राणवायूवर जगणारे जिवाणू काम करतात आणि त्यांच्या कामातून मुख्यतः बिनवासाचा कार्बन डायऑक्साइड निघतो. हवा कोंडली की दुसरी जमात माजते. बोटींवर अनेकदा 16 मिलिमीटरची, वळणावळणाची श्वासनळी असते. ती 25 मिलिमीटरची, आखूड आणि शक्य तितकी सरळ केली की फरक पडतो. पेगी हॉल यांनी बोटीतल्या दुर्गंधीवर एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे, आणि त्या हवेवर फार भर देतात ते याचसाठी. सुगंधी रसायनं ओतणं म्हणजे वासावर वास चढवणं. ब्लीच ओतणं त्याहून वाईट, कारण त्याने टॉयलेटच्या रबरी झडपा खराब होतात, आणि झडप गेली की वर चढवलेलं पाणी भांड्यात परत येतं.

आम्ही ती नळी दुसऱ्यांदा काढली, गादीखालून जाणारा मार्गच बंद केला आणि कपाटामागून उतरता कडक पाइप नेला. आमच्या बेसिनचा निचरा टॉयलेटच्या पाणी घेणाऱ्या नळीला जोडलेला आहे. रविवारी संध्याकाळी निघताना समुद्राकडची झडप बंद करायची, बेसिन गोड्या पाण्याने भरायचं आणि पंप मारून सगळं टाकीपर्यंत ढकलायचं. पुढच्या वर्षी आई पुन्हा आली, तेव्हा मी काहीच बोललो नाही. ती पुढच्या केबिनमध्ये झोपली आणि सूर्य बराच वर आला तरी उठली नव्हती.