कादंबरी वाचताना हाताशी एक वही

घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याने देवनार मागे टाकलं की मानखुर्दच्या बाजूला अण्णाभाऊ साठे नगर लागतं. ज्यांचं नाव वस्तीला आहे ते अण्णाभाऊ जवळच, घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहत. शाळा जेमतेम दीड दिवसाची. मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत ते अक्षरं शिकले, असं त्यांची चरित्रं सांगतात. वारणेच्या खोऱ्यातली बोली त्यांनी ‘फकिरा’त आणली, साल १९५९.

ही कादंबरी वही-पेन घेऊन वाचण्याजोगी आहे. सुरुवातीलाच ‘जोगणी’ भेटते. जोगणी म्हणजे योगिनी, हा कोशातला अर्थ इथे पुरत नाही. फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगणी आणायला निघतो, कारण जोगणी ज्या गावात, जत्रेचा मान त्या गावाला. त्या मानापायी तो जीव गमावतो. वहीत ‘जोगणी’पुढे एका शब्दात अर्थ लिहिला, तर यातलं काहीच हाती लागत नाही. शब्द कोणाच्या तोंडचा, प्रसंग कोणता, अख्खं वाक्य, आवृत्ती आणि पान, एवढं टिपलं तर वर्षभराने वही उघडल्यावरही शब्द ओळख देतो.

कोशकारांची कामाची रीत हीच. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशासाठी जेम्स मरे यांनी १८७९ साली सामान्य वाचकांना साद घातली: पुस्तकं वाचा, शब्द ज्या वाक्यात आला त्या वाक्यासकट चिठ्ठीवर उतरवा आणि पाठवा. हजारो वाचकांनी चिठ्ठ्या पाठवल्या. कोश पुरा व्हायला १९२८ उजाडलं. मराठीत य. रा. दाते, चिं. ग. कर्वे आणि सहकाऱ्यांनी ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२पासून सात विभागांत काढला. त्यात शब्दापुढे (व.) दिसलं की तो वऱ्हाडी, (कों.) दिसलं की कोकणातला, जुन्या ग्रंथातला असेल तर ग्रंथाचा संदर्भही जोडलेला. दाते-कर्व्यांनी वाक्प्रचारांसाठी तर ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ वेगळाच केला.

शब्दकोशाची पुरवणी निघाली १९५० साली. माणदेशच्या धनगरांची ‘बनगरवाडी’ १९५५ची, वऱ्हाडी बोलीतली उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६०ची, मराठवाड्यातली रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ १९७१ची. गावोगावची बोली घेऊन आलेल्या या कादंबऱ्या त्या कोशाच्या हातून निसटल्या, त्या केवळ उशिरा जन्मल्या म्हणून. त्यांतले शब्द टिपायचं काम वाचकांवर येऊन पडलं आहे.

फक्त अवघड शब्द वेचायचे, हा शाळेने लावलेला नाद. ‘कोसला’तले ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ कोणाला अडतात? पण १९६३ साली कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर याच्या तोंडी ते असे आले, की पुढे कित्येक तरुण तसंच बोलू-लिहू लागले. मुंबईच्या नाक्यावरच्या पोरांची भाषा भाऊ पाध्ये यांनी ‘वासूनाका’त जशीच्या तशी उतरवली आणि मोठं वादळ उठलं. ओळखीचा शब्द वेगळ्या चालीने आला की तोही टिपावा.

आज दाते-कर्व्यांचा कोश आणि मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश मोबाइलवर मोफत चाळता येतात. शब्द आधी वाक्यातून उमगू द्यावा, मग कोश उघडावा; अर्थ जुळला नाही तर त्या शब्दावर खूण करून ठेवावी.

देवनार-गोवंडी-मानखुर्दच्या घरांत तर अशा खुणांची उत्तरं द्यायला माणसंही आहेत. मराठवाड्यातून दुष्काळापायी आलेली किती तरी कुटुंबं या पट्ट्यात रुजली. ‘पाचोळा’ची सगळी कहाणी गंगाराम शिंप्याची बायको पार्वती सांगते, तीही आपल्याच बोलीत. ती कादंबरी आजीला मोठ्याने वाचून दाखवावी. अडलेल्या शब्दाचा अर्थ तर ती सांगेलच. शिवाय तिच्या गावी त्याच गोष्टीला काय म्हणत, हेही त्याच पानावर तिच्या गावाच्या आणि तालुक्याच्या नावासकट लिहून घेता येईल.